हरवलेल्या बंदुकीची वर्दी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

नंदिहाळ, मार्गशीर्ष शुद्ध ८, शके १८३२

रा. रा. भरमाप्पा पावणे, मुक्काम शाहूपुरी, कोल्हापूर, यांस नागाप्पाची शरणार्थी.

पोराच्या, शिवलिंगच्या, क्रियेला तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर हे पहिलंच पत्र. रत्नव्वा बरी आहे. गुऱ्हाळ यंदा लावलं नाही. ऊस उभाच आहे. तोडायला माणसं सांगावी असं रोज मनात येतं आणि राहून जातं.

कामाचं लिहितो. घरातली ठासणीची बंदूक नाहीशी झाली आहे. माजघरात खुंटीवर असायची. परवा सकाळी बघितली तर खुंटी मोकळी. सगळं घर, गोठा, गंजीखाली, माळ्यावर बघून झालं. रत्नव्वाला विचारलं, ती म्हणाली, मला ठाऊक नाही. परवाना माझ्या नावावर आहे. सालाबादप्रमाणे जानेवारीत मामलेदारांसमोर बंदूक हजर करून परवाना नवा करून घ्यायचा असतो. तेव्हा काय दाखवू?

शेजारच्या गावी ठाण्यात वर्दी द्यावी लागणार. ती कशा शब्दांत द्यायची ते मला सुचत नाही. तुमचा वकिलांशी, कचेरीशी संबंध येतो. मजकूर लिहून पाठवला तर मी तो उतरवून सही करीन.

आणखी एक. ती बंदूक मला परत पाहिजे. दुसरी नको, तीच. डुकरं अजून उसात येतात.

कळावे, लोभ असावा.

नागाप्पा

*

कोल्हापूर, मार्गशीर्ष शुद्ध १२

रा. रा. नागाप्पा दाजी यांस भरमाप्पाची शरणार्थी.

पत्र पावलं. वाचून काळजी वाटली. दाजी, एक दिवसही दवडू नका. नाशिकला कलेक्टरला गोळी घातली तेव्हापासून इंग्रज सरकार बंदुकीच्या नावानं दचकतंय. आपल्या कोल्हापूर दरबारातही तीच गत. परवान्याची बंदूक हरवली आणि मालकानं कळवलं नाही, तर मालकालाच धरतात. हल्ली इथं गुळाच्या सौद्याला आलेल्या एका पाटलाच्या काठीतसुद्धा तलवार आहे का म्हणून पाहिलं.

मजकूर सोबत लिहिला आहे. बंदूक कुठली, नळी किती लांब, दस्त्यावर कसली खूण, शेवटची कधी पाहिली, हे सगळं त्यात घातलंय. खाली घरात जाणाऱ्या-येणाऱ्या इसमांच्या नावांची जागा आहे. फौजदार ती विचारणारच, आपणच दिलेली बरी. कोरी जागा दिसली की त्यांना वाटतं मालक काही लपवतोय. तुमच्याकडे घरचं माणूस सोडून दुसरं कोण येतं, म्हणून उसाच्या राखणदाराचं, गुंडूचं, नाव मी घातलं आहे. नाव लिहिलं म्हणून कोणी चोर होत नाही. रीत असते.

आता थोडं मनातलं. राग मानू नका. ती बंदूक गेली, ते मला बरंच वाटलं. दसऱ्याआधी जे घडलं त्यात तुमचा दोष नव्हता. दिवेलागणीची वेळ, ऊस हलला, तुम्ही डुक्कर समजून बार काढलात. पोर पलीकडून घोंगडं घेऊन येतंय हे कुणाला कळणार होतं? पंचनामा झाला, सरकारनंही अपघात म्हणून लिहिलं. तुम्ही मात्र मनातून ते पुसून टाकत नाही. ती बंदूक घरात नसेल तर कदाचित पुसलं जाईल. डुकरांसाठी डबे वाजवा, जाळ करा. तीच कशाला पाहिजे?

रत्नव्वाला सांभाळा.

भरमाप्पा

*

नंदिहाळ, मार्गशीर्ष वद्य ३

तीर्थरूप अण्णा यांस रत्नव्वाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या अडतीवर गूळ घेऊन येणाऱ्या गैबीच्या हाती हे पत्र देते आहे. पोस्टात टाकायला धीर होत नाही. वाचून जाळून टाका.

अण्णा, बंदूक चोरीला गेलेली नाही. ती मी टाकली.

तुम्ही यांना लिहिलंत की बंदूक घरात नसेल तर बरं. मला तेच वाटलं होतं, फक्त तुमच्या आधी वाटलं. पंचनाम्यानंतर ठाण्यातून बंदूक परत आली त्या दिवसापासून हे रोज तिला पुसत बसायचे. तेल लावायचे, नळीतून फडकं ओढायचे, पुन्हा तेल. मी म्हणायचे, किती पुसाल? तर म्हणायचे, गंज चढंल. बोलणं एवढंच. शिवलिंग गेल्यापासून यांचा आवाजच खाली गेलाय. समोर बसलेल्या माणसालासुद्धा पुन्हा विचारावं लागतं.

त्या दिवशी दुपारी मी मळ्यातल्या खोपीत भाकरी घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. हे भिंतीला टेकून बसले होते. बंदूक मांडीत उभी, नळी हनुवटीखाली आणि एका पायाचं पायताण काढून ठेवलेलं. गळ्यातलं लिंग काढून कोनाड्यात ठेवलं होतं. आपल्यात ते देहावरून कधी उतरत नाही, अण्णा. ते कोनाड्यात बघितलं आणि मला सगळं कळलं.

मी म्हटलं, "काय चाललंय?"

म्हणाले, "साफ करतोय."

मी भाकरी खाली ठेवली. लिंग उचलून यांच्या गळ्यात घातलं. यांनी घालू दिलं. मग भाकरी खाल्ली. माझ्यासमोर बसून सगळी खाल्ली, लहान पोरागत.

दुसऱ्या दिवशी हे अंघोळीला गेले तेव्हा मी बंदूक लुगड्यात गुंडाळली, दिसू नये म्हणून भोवती सरपणाची मोळी बांधली आणि काठावर मोळी सोडून ती नदीच्या डोहात टाकली. वाटेत कुणी भेटलं नाही. दगडासारखी गेली खाली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? घरी येऊन मी शेवयांची खीर केली.

वर्दीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. यांनी तुमचा मजकूर होता तसा उतरवून कालच ठाण्यात दिला. आता मी काय करू? यांना सांगितलं, तर हे डोहात उतरून ती काढतील. नाही सांगितलं, तर सरकारात खोटी वर्दी दिल्यासारखं होतंय. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची रत्नव्वा

*

कोल्हापूर, मार्गशीर्ष वद्य ८

चि. सौ. रत्नव्वा हीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जाळलं. गैबी समोर उभा होता, त्याला पाणी द्यायचंही भान राहिलं नाही.

तू केलंस ते बरोबर केलंस. तुझ्या जागी आपली अव्वा असती तर तिनंही हेच केलं असतं. पण आता तोंड बंद ठेव. कुणाला म्हणजे कुणालाही सांगू नकोस. दाजींनाही नाही.

मी एका वकिलाकडे गेलो होतो. तुमचं नाव न घेता, अमक्या गावी असं घडलं तर काय, म्हणून विचारलं. ते म्हणाले, जीव द्यायला बघणं हाच गुन्हा आहे, त्यालाही शिक्षा आहे. पण भीती त्याची नाही. ते पुढे म्हणाले, ज्या बंदुकीनं मुलगा मेला त्याच बंदुकीनं बाप मरायला निघाला, हे कळलं तर सरकार आधीचं मरणही उकरून काढील. बापाच्या मनाला एवढं काय खातंय, असं विचारील. चुकून उडाली की मुद्दाम? रत्नव्वा, त्या प्रश्नाला दाजी काय उत्तर देतील, सांग. ते तर म्हणतील, मीच मारलं. त्यांची सध्याची अवस्था तीच आहे.

म्हणून गप्प राहा. बंदूक हरवली, वर्दी दिली, संपलं. अशा कितीतरी वर्द्या ठाण्यात पडून असतात. परवाना रद्द होईल, होऊ दे.

इथं आंबाबाईच्या देवळात तुझ्या वहिनीनं तुम्हा दोघांसाठी ओटी भरली. आपल्यात रीत नाही, तरी मी तिला अडवलं नाही.

अण्णा

*

नंदिहाळ, पौष शुद्ध ३

तीर्थरूप अण्णा यांस रत्नव्वाचा नमस्कार.

गुंडूला धरून नेलं.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी फौजदार आणि शिपाई आले. आमच्या घरात आले, खुंटी बघितली, आणि तिथून सरळ बेरडांच्या गल्लीत गेले. गुंडू बेरड, म्हणजे सरकारनं जातच चोर ठरवलेली, हजेरीतला. रोज सांजेला चावडीवर जाऊन "हाय" म्हणून सांगणारा. एकही दिवस चुकला नव्हता. त्यांनी त्याची झोपडी उसकटली, चूल खणली. काही मिळालं नाही. तरी हात बांधून घेऊन गेले.

काल त्याची बायको बयाबाई दारात आली. आत ये म्हटलं तरी पायरी चढली नाही. उभ्यानंच बोलली.

"अक्का, माझा माणूस तुमच्या पोराला उसातनं खांद्यावर घिऊन आलता. त्येच्या अंगरख्याचं रगात मी धुतलंय. चार दिस जेवला न्हाई त्यो. त्यो बंदूक चोरंल व्हय?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मग यवढंच ठाण्यात यिऊन सांगा की. मी बोलले तर हाकलत्यात. तुमी बोलला तर ऐकतील."

माझ्या तोंडात शब्द आला होता, अण्णा. दातांच्या मागं आला होता. मी म्हटलं, "मालकांना पाठवते." ती पदर खोचून निघून गेली.

हे आपण होऊन ठाण्यात गेले. फौजदाराला म्हणाले, माझा गुंडूवर संशय नाही, सोडा त्याला. फौजदार म्हणाला, "नाव तर तुमच्याच कागदात हाय की. तुमच्याच अक्षरात." हे घरी येऊन मला म्हणाले, "पावण्यांनी लिहून दिलं तसं मी उतरवलं. नीट वाचलंसुद्धा न्हाई."

अण्णा, गुंडूचं नाव तुम्ही का घातलंत? मी रागानं विचारत नाही. मला कळत नाही म्हणून विचारते.

मला जाऊन सांगू द्या. माझं काय व्हायचं ते होऊ दे. यांचं नाव न काढता सांगेन, वेड लागल्यागत टाकली म्हणून सांगेन. उत्तर गैबीबरोबरच पाठवा. तो एक दिवस शाहूपुरीत थांबेल.

रत्नव्वा

*

कोल्हापूर, पौष शुद्ध ५

चि. सौ. रत्नव्वा हीस आशीर्वाद.

गैबी बसलाय, म्हणून घाईत लिहितो.

नाव का घातलं? कोणाचं तरी घालायचं होतं म्हणून. मला तेव्हा खरंच वाटलं की चोरी झालीय, आणि चोरी म्हटल्यावर माझ्याही मनात पहिला तोच आला. आपण सगळे असेच वाढलो.

पण आता ऐक. वेड लागल्यागत टाकली असं सांगितलंस तर ते विचारतील, का? आणि तू खोटं बोलायला कधी शिकली नाहीस. शाळेत पाटी फुटली तर घरी येण्याआधी तुझं तोंड सांगायचं. दुसऱ्याच प्रश्नाला तू खोपीतलं सगळं ओकशील. मग दाजींच्या हातात बेड्या. पोर गेलं, आता नवराही घालवणार आहेस का?

वकील म्हणाले, बंदूक मिळाली नाही, साक्षीदार नाही, तर गुंडूवर काहीही शाबीत होत नाही. संक्रांतीनंतर सोडून देतील. मी ओळखीच्या एका कारकुनाकडून ठाण्यात शब्दही टाकला आहे. थोडे दिवस कळ सोस. बयाबाईला जोंधळे, गूळ दे, पोरांना कपडे दे. गुंडू सुटून आला की आपण त्याचं चांगलं करू. मी स्वतः करीन.

माझी शपथ आहे. संक्रांत होऊ दे.

तुझा अण्णा

*

नंदिहाळ, पौष वद्य ५

अण्णा यांस रत्नव्वाचा नमस्कार.

संक्रांत झाली. गुंडू सुटला.

करीच्या दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून आणून गल्लीच्या तोंडाला ठेवला. शिपाई म्हणाले, हिवतापानं गेला. अंगावर गोणपाट होतं. बयाबाईनं ते काढलं आणि सगळ्या गल्लीनं बघितलं. हिवताप माणसाची बोटं मोडत नाही.

त्याच्या भावानं बाकीचं सांगितलं. गुंडूला विचारायचे, बंदूक कुठं आहे? तो म्हणायचा, ठाऊक न्हाई. मग मारायचे. शेवटी त्यानं सांगायला सुरुवात केली. एकदा म्हणाला, माझ्या झोपडीमागं पुरलीय. खणलं, नव्हती. मग म्हणाला, वडाखालच्या वारुळात. तिथंही नव्हती. मग चुलत्याच्या गंजीत. प्रत्येक वेळी त्याला बांधून घेऊन यायचे आणि बंदूक मिळाली नाही की पुन्हा न्यायचे. त्याला सांगायला काही नव्हतं, अण्णा. म्हणून तो आठवेल त्या जागेचं नाव घेत होता. एकदा त्याला आमच्या मळ्यावरून नेताना मी बघितलं होतं. मला वाटलं, जिवंत आहे, चालतोय, संक्रांत जवळ आलीय. मी घरात जाऊन तीळ भाजले.

त्या सांजेला मी यांना सगळं सांगितलं. खोपी, डोह, तुमचं-माझं पत्र, शपथ. हे चुलीपुढं बसले होते. एवढंच विचारलं, "माझ्यासाठी टाकलीस?"

मी म्हटलं, "व्हय."

म्हणाले, "म्हंजे त्योबी माझ्याच हातानं गेला."

मी म्हटलं, "न्हाई, माझ्या." मग आम्ही दोघं, ते तुझ्या की माझ्या, असं भांडल्यागत बोलत राहिलो. शिवलिंग गेल्यावर आम्ही एकमेकांजवळ बसून रडलो नव्हतो. त्या दिवशी रडलो. ते दुसरीच्या नवऱ्यासाठी, याची मला लाज वाटली.

सकाळी दोघं ठाण्यात गेलो. मी फौजदाराला सांगितलं, बंदूक मी डोहात टाकली. त्यानं मान वर केली नाही.

"चोरानं कबुली दिलीय, बाई. चोर मेला. परकरण मिटलं."

"कबूल केलं ते खोटं होतं. तुम्हाला तरी बंदूक मिळाली का?"

"इकली आसंल."

"डोहात आहे. चला, दाखवते."

मग त्यानं लेखणी खाली ठेवली आणि यांच्याकडे बघून बोलला, "नागाप्पा, बायकूला घरी न्या. ह्ये मी लिवून घ्याला बसलो तर पयलं तुमालाच आत घ्यावं लागंल. पोराचंबी मग पुन्यांदा बघावं लागंल. इचार करा."

तुमच्या वकिलानं सांगितलं तेच, अण्णा. शब्दसुद्धा तेच. फरक एवढाच, तुम्ही मायेनं सांगितलंत.

आम्ही बाहेर आलो.

रत्नव्वा

*

कोल्हापूर, पौष वद्य ९

चि. सौ. रत्नव्वा,

आशीर्वाद कुठल्या तोंडानं लिहू?

पत्र आलं तेव्हा दुकानात सौदा चालू होता. मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तुझी वहिनी दार वाजवत राहिली. दाजींनी फक्त उतरवलं, तू फक्त टाकलंस. नाव मी लिहिलं आणि गप्प राहायला मी सांगितलं. माझ्या एका माणसाला वाचवायला निघालो आणि दुसरा माणूस माझ्या हिशोबात माणूसच नव्हता.

तरीही लिहितो, कारण तू माझी बहीण आहेस आणि दुसरी मला नाही. फौजदार दुष्ट असेल, पण बोलला ते खोटं नाही. गुंडू आता परत येत नाही. तू डोहातली बंदूक वर काढलीस, तर त्यानं कुणाचं भलं होईल? दाजी तुरुंगात जातील. नाहीतर शिवलिंगचं मरण चावडीवर पुन्हा वाचलं जाईल, आणि ते दाजींना झेपणार नाही. मग तू खोपीतून त्यांना कशासाठी उठवलंस?

बयाबाईच्या पोरांचं शिक्षण, लग्नं, सगळं मी बघतो. मी येतो. मी येईपर्यंत काही करू नकोस, एवढंच मागतो.

भरमाप्पा

*

नंदिहाळ, माघ शुद्ध २

तीर्थरूप अण्णा यांस रत्नव्वाचा नमस्कार.

तुमचं पत्र येण्याआधीच सगळं होऊन गेलं. आधी आलं असतं तरी थांबलो नसतो. राग धरू नका.

तुम्हाला मागचं पत्र लिहून झालं आणि मी बयाबाईकडे गेले. मी तिच्या दारात उभी राहिले, आत गेले नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती मारील. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्या दारात आलते तवा तुमाला ठावं हुतं?"

मी म्हटलं, "व्हय."

"हुतं तर." एवढंच बोलून ती भांडी घासायला बसली. मी धान्याचं बोलले. म्हणाली, "धान्य नगो. माझा माणूस चोर म्हणून मेलाय. पोरगा उद्या चावडीवर हजेरीला जाईल, तितं त्येला चोराचा पोर म्हणतील. त्ये पुसा. पुसता येत असंल तर पुसा. न्हाईतर दारात येऊ नगा."

मी घरी येऊन यांना सांगितलं. हे उठले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर डोहावर गेलो. यांनी गावातली जाणती माणसं बोलावली होती, बेरडांची गल्लीही आली होती. सगळे काठावर उभे राहिले. मी जागा दाखवली. दुसऱ्या कुणाला उतरू न देता हेच कमरेला दोर बांधून पाण्यात गेले. दोरी गुंडूच्या भावानं धरली. दोनदा रिकामे वर आले. तिसऱ्यांदा गेले आणि येईनात. पाणी स्थिर झालं. अण्णा, मला वाटलं, यांना आता खालीच राहायचंय. मीच यांना त्या जागेपर्यंत आणून सोडलं. मी तोंडात पदर कोंबून उभी होते. गुंडूच्या भावानं दोरीला हिसका दिला आणि ओरडला, "वर या, मालक! सांगायचं कुनी मग?"

हे वर आले. हातात बंदूक होती, माझ्या लुगड्याची चिंधी अजून तिला गुंडाळलेली.

ती तशीच खांद्यावर घेऊन हे ठाण्यात गेले. मागं सगळं गाव. फौजदाराला म्हणाले, "मी बंदूक हरवल्याची वर्दी दिलती. आता सापडल्याची देतो. लिवा." एवढी माणसं दारात बघून त्याला लिहावं लागलं. यांनी खोपीतलंही सांगितलं. फौजदार म्हणाला, ते नको. हे म्हणाले, "तेबी लिवा. न्हाईतर माझ्या बायकूनं बंदूक का टाकली, ह्ये कुनाला कळंल?" पुढच्या महिन्यात कोल्हापूरला कोर्टात हजर व्हायचा हुकूम मिळालाय. शिवलिंगचंही विचारतील म्हणतात. हे म्हणाले, विचारू देत, झालं तसं सांगीन. तेव्हा तुम्ही यांच्याशेजारी उभे राहिलात तर मला बरं वाटेल. नाव कुणी लिहिलं, हे तिथं तुम्ही आपल्या तोंडानं सांगाल का, ते मी विचारत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

ठाण्यातून परतल्यावर यांनी दवंडीवाल्याला बोलावलं. तो हलगी वाजवून पुकारायला लागला तर यांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "तू नुस्ती वाजीव. बोलतो मी."

मी मागून चालत होते. दसऱ्याआधीपासून ज्या माणसाचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत नव्हता, तो माणूस पेठेच्या तोंडाला उभा राहून ओरडला, "ऐका हो ऐका! गुंडू बेरड चोर नव्हता! बंदूक माझ्या घरातनं माझ्याच माणसानं डोहात टाकली! गुंडूला काय बी ठावं नव्हतं! त्येला नाहक मारला! त्येचं नाव माझ्या कागदात हुतं!" आवाज फाटत होता. पोरं हसली, बायका दारात आल्या. हे प्रत्येक गल्लीच्या तोंडाला थांबले आणि तेच, शब्द न चुकवता, पुन्हा ओरडले. लिंगायतांच्या गल्लीत आमचे भाऊबंद दारं लावून घेत होते. लावलेल्या दारांपुढंही हे ओरडले.

शेवटी बेरडांच्या गल्लीत आलो. तोवर यांच्या घशातून नुसती हवा येत होती. बयाबाई उंबऱ्यात बसली होती, पोरगा तिच्या मागं उभा. हलगी वाजली. हे बोलले. अर्धे शब्द निघाले, अर्धे नाहीत. मी पुढं होऊन उरलेले बोलले.

बयाबाईनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. पदरानं तोंड पुसलं आणि उठली. मला वाटलं, आत जाऊन दार लावून घेईल.

ती म्हणाली, "हितं सगळ्यास्नी ठावंच हाय. ठाण्याच्या गावाला जावा. बाजार हाय आज. तितं वराडा."

आम्ही निघालो.

रत्नव्वा